युवा गटाला गावचा कारभार शिकवायचा आहे: भाषणं सोडून काय घेता येईल?

पाणंद:
गावातल्या वाचनालयाचा युवा गट आहे. १४ ते १९ वयाची २५ मुलंमुली, दर रविवारी दोन तास, एकूण आठ रविवार. नागरिकशास्त्र शाळेत सगळ्यांचं झालंय. वर्षात ग्रामसभा किती, म्हटलं की 'चार' असं कोरसमध्ये उत्तर येतं, पण गल्लीतला दिवा गेला तर अर्ज कुणाच्या नावाने लिहायचा हे सांगता येत नाही. प्रोजेक्टर नाही, खर्च हजार-बाराशेच्या आत हवा. काही जणांना अभिरूप युवा संसद घ्यायची आहे. ती घ्यावी का? आणि मुलांना ग्रामपंचायतीत नेलं तर नेमकं दाखवायचं काय?

तहकूब:
युवा संसद शेवटच्या रविवारी ठेवा, किंवा राहू द्या. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, हरकतीचा मुद्दा या सभागृहात बोलायच्या वेगवेगळ्या पद्धतींतला फरक कळायच्या आत ती घेतली की स्नेहसंमेलनातली नाटुकली होते: चार पोरं तावातावाने बोलतात, बाकीची बाकं वाजवतात.

पहिल्या रविवारी 'हे काम कुणाचं?' घ्या. ३० चिठ्ठ्या आणि जमिनीवर खडूने सहा चौकोन: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, तहसील कार्यालय, सार्वजनिक बांधकाम, महावितरण, 'यातलं कुणीच नाही'. गट पाच-पाच जणांचे. चिठ्ठी ठेवताना कारण सांगायचं, नाहीतर नुसती अंदाजपंचे होते. सोप्या चिठ्ठ्या दहाच ठेवा (जन्मनोंद, घरपट्टी, रेशनकार्ड). बाकीच्या अडवणाऱ्या हव्यात. दिव्याचा खांब महावितरणचा, पण त्यावरचा दिवा बदलायचा ग्रामपंचायतीने. शाळेची इमारत आणि शिक्षक जिल्हा परिषदेचे, पण शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक. सातबारा ग्रामपंचायतीत मिळतो असं निम्मी मुलं म्हणतील. तो महसूलचा, तलाठ्याकडचा (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी). रस्त्यांवर सगळ्यात जास्त वाद होतो. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामचे. मुलांना वेशीबाहेर नेऊन किलोमीटरचा दगड दाखवा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. खड्ड्याची तक्रार कुठे करायची याचा निम्मा उलगडा त्या दगडापाशीच होतो.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी अभिरूप ग्रामसभा. सरपंच, उपसरपंच, पाच सदस्य, ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), बाकीचे मतदार. सभेची सूचना सात दिवस आधी फलकावर लागली पाहिजे, म्हणजे आदल्या रविवारीच विषयपत्रिका लिहून घ्या. गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) खऱ्या नियमाने मोजा: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी असेल ते. गावात हजार मतदार आहेत असं समजा आणि हजर असलेलं एक मूल म्हणजे पाच मतदार धरा, म्हणजे २० मुलं आली की १०० होतात. पहिल्या वेळी मुद्दाम बाराच मुलांना आत घ्या. सभा तहकूब. मग तहकूब सभा भरवा, तिला गणपूर्ती लागत नाही. बारा जणांनी ठराव पास केला की बाहेर थांबलेल्या तेरा जणांचा आरडाओरडा ऐका. ग्रामसभेला का जायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

इतिवृत्त, म्हणजे सभेची लेखी नोंद, मात्र ढिलं सोडू नका. क्रम असा: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, विषय, चर्चा, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, मतं. 'सर्वानुमते मंजूर' लिहायची मुलांना घाई असते, हात मोजायला लावा. शेवटच्या ओळीखाली लगेच अध्यक्षांची सही आणि उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ. ही रेघ कशासाठी, हा प्रश्न मुलांनाच विचारा. कोऱ्या जागेत नंतर ठराव 'घुसतो' हे कुणीतरी बोलेलच.

आणि ग्रामसभेआधी महिला सभा कायद्यातच आहे, ती वगळू नका. मुलींची वेगळी बैठक अर्धा तास आधी घेऊन तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवा. ती टाळली तर पुढच्या रांगेतले तिघे-चौघेच बोलत राहतात.

चिंचोका:
वरच्यात पैशाची भर घालतो. पैसा आला नाही तर मुलांच्या ठरावांत जलतरण तलाव येतो.

शंभर चिंचोके घ्या. एक चिंचोका दहा हजारांचा, म्हणजे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न दहा लाख. आधी राखीव ढीग काढा: मागासवर्गीयांसाठी १५, महिला व बालकल्याण १०, दिव्यांग ५. उरले ७०. मग ठरलेला खर्च (आकडे सरावापुरते): पाणीपुरवठा कर्मचारी व शिपाई २२, पंपाचं वीजबिल १४, दिवाबत्ती ६, टीसीएल (पाण्यात टाकायची पावडर) आणि पाइपलाइन दुरुस्ती ८, कार्यालय ५. झाले ५५. हातात राहिले १५. आता व्यायामशाळा ३०, गटार ४०, स्मशानशेड २५ अशी कार्डं समोर टाका आणि भांडू द्या.

अर्ध्यावर एक चिठ्ठी काढायची: 'घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली ७० टक्केच झाली.' तीस चिंचोके उचला. राखीव हिस्सा २१ वर येतो, उरतात ४९, आणि ठरलेला खर्च ५५! इथे बहुतेक गट पहिला हात दिव्यांगांच्या ढिगाला घालतात. घालू द्या, पण ते इतिवृत्तात लिहायला लावा. लिहायची वेळ आली की हात मागे येतो.

दुसरा डाव वाटाण्यांचा. १५व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीची २०२१-२६ ची पद्धत घ्या: १०० पैकी ६० बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच (३० पाणी, ३० स्वच्छता), ४० अबंधित. मुलं लगेच अबंधितमधून पगार भागवायला बघतात, पण पगार आणि आस्थापना (कार्यालय चालवायच्या) खर्चाला तो निधी चालत नाही. चिंचोके-वाटाणे एका वाटीत मिसळू देऊ नका. 'पैसा आहे तर खर्च का होत नाही' याचं उत्तर त्या दोन वाट्यांत आहे. नंतर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्याच ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर उघडा. आधी आराखडा, मग खर्च. उलट केलं की पहिल्याच मिनिटाला 'खाल्ले' सुरू होतं आणि पुढे कुणी वाचत नाही.

पाणंद:
दोघांचेही आभार. चिंचोके घरोघरी आहेत, प्रश्न मिटला. माहिती अधिकाराचा अर्ज मुलांकडून करून घ्यावा का? काही पालक बिचकताहेत.

मोजमाप पुस्तिका:
लिहायला सगळ्यांना लावा, सही मात्र गट चालवणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाची. कायद्यात वयाची अट नाही, 'नागरिक' एवढंच आहे, पण लहान गावात अर्ज कुणी टाकला हे संध्याकाळपर्यंत पारावर कळतं. पोराच्या बापाला फोन जायला नको.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्या खर्ड्यात हमखास येणारं वाक्य: 'रस्ता निकृष्ट का झाला?' यावर काही मिळत नाही, कारण कायदा दफ्तरातली माहिती देतो, खुलासा देत नाही. त्याऐवजी कामाचं नाव आणि वर्ष लिहून त्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायची वही) संबंधित पानं आणि अदा केलेलं देयक यांच्या प्रती मागायच्या. प्रतीला पानामागे दोन रुपये, म्हणून 'सर्व कागदपत्रे' लिहू नका, पिशवीभर झेरॉक्सचं बिल येईल. आधी अभिलेख पाहायला मागा, पहिला तास फुकट असतो. उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्या आठ रविवारांत बसवायचं तर अर्ज दुसऱ्याच आठवड्यात गेला पाहिजे. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. तेही शिकवण्यासारखंच आहे.

ग्रामपंचायत भेटीला सरपंचांचं भाषण ठेवू नका. नमुना १ म्हणजे ग्रामपंचायतीचं वर्षाचं अंदाजपत्रक, नमुना ८ म्हणजे घरांची कर आकारणी. या दोन नोंदवह्या टेबलावर मिळाल्या तर पुरे. नमुना ८ मध्ये वाचनालयाच्याच इमारतीची नोंद शोधायला सांगा: चौरस फूट, बांधकामाचा प्रकार, कर. टेप नेऊन खरं माप जुळतंय का तेही पाहता येतं. गावातल्या एखाद्या घराची नोंद मात्र वाचू नका, त्यातून नसती भांडणं. भेटीचं पत्र आठवडाभर आधी द्या आणि पोच घ्या. आचारसंहिता लागली असेल तर पुढे ढकला, कुणालाच वेळ नसतो.

तहकूब:
एक राहिलं. १७ पूर्ण झालेल्यांकडून नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरून घ्या. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी १८ पूर्ण हवेत) आहेत. नाव १८ झाल्यावरच यादीत लागतं. जन्माच्या आणि रहिवासाच्या पुराव्यातलं नाव अक्षरशः जुळतंय ना ते आधी पाहा. अडतं ते बहुधा तिथेच. आणि समारोपाला कुठल्याही पक्षाचा पाहुणा नको, बॅनरवर फोटोही नको. नाहीतर पुढच्या वर्षी अर्धी मुलं घरचे पाठवणार नाहीत.