बाबांच्या हार्ट अटॅकबद्दल मुलांना काय आणि किती सांगायचं?

सांजवात:
घाईत लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या. माझ्या नवऱ्याला परवा पहाटे हार्ट अटॅक आला. वय ४३, शुगर नाही बीपी नाही सिगारेट नाही, आदल्या संध्याकाळी मुलांबरोबर बॅडमिंटन खेळलाय. छातीत जड वाटतंय म्हणाला, आधी आम्हाला ॲसिडिटीच वाटली, मग दरदरून घाम फुटला आणि जबडा नि डावा हात दुखायला लागला तेव्हा ॲम्ब्युलन्स बोलावली. ईसीजीतच कळलं, लगेच मनगटातून अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकलाय. आता आयसीयूत आहे, शुद्धीवर आहे, बोलतोय, डॉक्टर म्हणतात वेळेत आणलंत म्हणून हृदयाचं फार नुकसान झालेलं नाही.

प्रश्न मुलांचा आहे. मुलगा ५ वर्षांचा, तो त्या वेळी गाढ झोपला होता. मुलगी ११ची, ती जागी झाली होती आणि तिने स्ट्रेचर बघितलंय. सकाळी मी हॉस्पिटलमध्ये असताना सासूबाईंनी धाकट्याला सांगून टाकलं की बाबा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी गेलाय, आणि मोठीला दम दिला की त्याच्यासमोर काही बोलायचं नाही. त्यांचाही जीव पोरासाठी तुटतोय, त्यांना मी काय बोलणार! पण आता झालंय असं की धाकटा विचारतो बाबा फोन का करत नाही आणि मोठी तोंड मिटून बसते. मला खरं सांगायचंय पण किती सांगू, कुठल्या शब्दांत सांगू, आणि सासूबाई खोट्या न पडता कसं सांगू? मोठीने मला अजून एक प्रश्नसुद्धा विचारलेला नाही, त्याचीच जास्त भीती वाटतेय.

खिडकीपाशी:
सर्वात आधी, तुमचे मिस्टर लवकर बरे होवोत. बाकीचे अनुभवी लोक लिहितीलच, मी मोठीच्या बाजूने लिहिते कारण मी तिच्या जागी होते. आईचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मला काहीही सांगितलं नव्हतं, "आई मामाकडे गेलीये" एवढंच. घरात मी खोलीत शिरले की सगळे एकदम गप्प व्हायचे आणि मग कोणीतरी उगाचच मोठ्या आवाजात माझ्या अभ्यासाची चौकशी करायचं. आजाराची भीती वाटायला मला आजार माहीतच नव्हता हो, मला भीती वाटायची त्या गप्प होण्याची. मी मनातल्या मनात आईला पार मारून टाकलं होतं. खरं काय ते कळलं तेव्हा ते माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी कमी भयंकर निघालं.

तुमची मुलगी विचारत नाहीये कारण तिला न विचारायचा हुकूम मिळालाय. तो आधी मागे घ्या. आणि तिच्याशी आजच बोला, उद्या नको.

रात्रपाळी:
सांजवात ताई, मी बरीच वर्षं कार्डियाक आयसीयूत नर्स आहे. बाहेरच्या बाकावर बसलेल्या घरच्यांकडून हा प्रश्न कायम येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आजाराचं नाव घ्या. "बाबाला बरं नाहीये" एवढंच सांगितलं तर पुढच्या वेळी तुम्हाला साधी सर्दी झाली तरी पोरगं घाबरणार, कारण त्याच्या डोक्यात बरं नाहीये म्हणजे माणूस रात्रीतून गायब होतो. पाच वर्षांच्या मुलाला दोन-तीन वाक्यं पुरतात. बाबाच्या हृदयाला रक्त नेणारी एक नळी अचानक बंद झाली, त्याला हार्ट अटॅक म्हणतात, डॉक्टरांनी ती उघडली आणि परत बंद होऊ नये म्हणून आत एक बारीक जाळी बसवली. बॉलपेनमधली स्प्रिंग काढून दाखवा, साधारण तसलीच पण खूप बारीक आणि जाळीदार, मुलांना ते लगेच कळतं. बस. मग गप्प बसायचं आणि तो काय विचारतो ते बघायचं.

त्या वयाच्या मुलांच्या डोक्यात तीन गोष्टी असतात, विचारोत न विचारोत. माझ्यामुळे झालं का (मी हट्ट केला, मी बाबाला खेळायला लावलं, तुमच्याकडे तर आदल्या संध्याकाळचं बॅडमिंटन आहेच!), मला किंवा आईला पण होईल का, आणि आता माझं कोण बघणार. तिन्हीची उत्तरं न विचारता देऊन टाका. कुणाच्या वागण्याने किंवा खेळण्याने हे झालेलं नाही, हा सर्दी-तापासारखा एकमेकांना होत नाही, आणि आज रात्री तुझ्याजवळ आजी झोपणार, शाळेतून आणायला अमुक येणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्यांना विचित्र वाटतं, बाप आयसीयूत आणि पोरगं विचारतंय माझा ड्रॉइंगचा क्लास आहे का, पण तो निर्दय नाहीये, त्याची काळजी तिथूनच बाहेर पडते.

"बाबाला झोपेत असं झालं" हे वाक्य मात्र चुकूनही नको. पोरं झोपायलाच तयार होत नाहीत मग. आणि "बाबाला काहीही होणार नाही" असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. "डॉक्टरांचं लक्ष आहे, औषधं चालू आहेत, काही बदललं तर मी स्वतः तुला सांगेन" हे वचन मात्र देता येतं आणि पाळता येतं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांनाच सांगू दे की. "तू घाबरशील म्हणून मी तसं बोलले, आता आई खरं काय ते सांगतेय" एवढं आजीने मुलाला जवळ घेऊन म्हटलं की झालं, त्यांचा मानही राहतो.

दोन_पोरांचा_बाप:
मी पेशंटच्या बाजूने लिहितो. मला गेल्या वर्षी टीआयए झाला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि मग आपोआप सुरळीत होतो. लक्षणं सगळी पॅरालिसिसच्या झटक्याचीच, फक्त ती निघून जातात. जेवताना माझ्या तोंडाची एक बाजू पडली आणि बोलणं बोबडं झालं, थोरला समोरच बसला होता, त्याला वाटलं मी मस्करी करतोय आणि तो हसला. मग बायकोचा चेहरा बघून त्याचं हसू जे थांबलं ते अजून मला दिसतं. मी काही वेळात ठणठणीत, पण टीआयएनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच मोठा झटका येण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो म्हणून ॲडमिट करून घेतलं.

सांगायचा मुद्दा हा की ज्याला झालंय त्याने स्वतः बोललं तर निम्मं काम होतं. तुमचे मिस्टर बोलू शकतायत ना, मग आयसीयूतून परवानगी घेऊन एक छोटा व्हिडिओ कॉल करू द्या. मी पोराला पहिलं वाक्य हेच म्हटलं की तू हसलास त्यात काही चुकलं नाही, मलाही आरशात बघून हसू आलं असतं. नंतर घरी आल्यावर त्याला शिकवलं की चेहरा एका बाजूला पडला, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं काहीही दिसलं तर लगेच मोठ्या माणसाला हाक मारायची, कोणी नसेल तर इमर्जन्सीचा नंबर फिरवायचा. त्याला करण्यासारखं काहीतरी मिळालं आणि त्याची कुरतड बरीच कमी झाली.

मनमौजी:
मला थोडं वेगळं वाटतं. खोटं बोलू नये हे मान्य, पण हल्ली सगळं सांगायचं फॅडच आलंय. किती टक्के ब्लॉकेज, हृदय किती टक्के पंप करतंय, बिल किती होणार, हे ११ वर्षांच्या मुलीला कशाला? ती रात्री गूगल करणार आणि सकाळपर्यंत अर्धी होणार. जे पक्कं कळलंय तेवढंच सांगा, रिपोर्ट यायचे असतील तर "अजून कळायचंय" म्हणा. आणि तिच्यासमोर नातेवाईकांना फोनवर सगळी कहाणी दहादा सांगू नका. आमच्याकडे मुलांना सगळी माहिती तिथूनच मिळते!

रात्रपाळी:
मनमौजी, फोनचं अगदी बरोबर. पण गूगलचं उलटं आहे, नाही सांगितलं तर ती नक्की गूगल करणार. तिलाच म्हणा की काही वाचलंस तर माझ्याकडे घेऊन ये, आपण दोघी बघू, आणि मला नाही कळलं तर डॉक्टरांना विचारू.

ताई, अजून एक. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना आयसीयूत सोडत नाहीत, आधी वॉर्डमध्ये विचारा. सोडत असतील तर मोठीला आधी फोटो दाखवा. छातीला वायरी, नाकाशी ऑक्सिजनची नळी, हाताला सलाइन, मनगटावर पट्टी. मॉनिटर मधूनमधून वाजतो हे सांगून ठेवा. एखादी वायर सुटली, पेशंट कुशीवर वळला तरी तो वाजतो आणि मुलांना वाटतं बाबा चालले! पाच मिनिटं पुरे. आणि तिला यायचं नसेल तर आग्रह करू नका, नंतर टोमणा तर नाहीच नाही.

सांजवात:
सगळ्यांचे मनापासून आभार, एकेकाला उत्तर देत नाही बसत. बोलले काल.

मोठीला गच्चीत नेलं आणि सरळ सांगितलं. ती बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मग पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हताच, "तू बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतीस ना?" मी हो म्हटलं. मग धडाधड आले प्रश्न, स्टेंट गंजतो का, बाबा मरणार होता का. मी म्हटलं हार्ट अटॅकने माणूस मरू शकतो, बाबा वेळेत पोचला, उपचार झाले. तिने मान हलवली आणि विचारलं हे सगळं आजीला माहितीये का, म्हणजे इतके दिवस ती आजीचीही काळजी करत होती.

धाकट्याला सासूबाईंनीच मांडीवर घेऊन सुरुवात केली, मग स्प्रिंग दाखवली. त्याने पेन परत जोडून दे म्हणून सांगितलं, आणि मला कोण झोका देणार विचारलं. तेवढंच. पण दिवसभरात तेच तेच परत विचारतोय, प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं. आणि त्याच्या टेडीचं आता दर तासाला ऑपरेशन होतं.

नवरा एक-दोन दिवसात घरी येईल. आता दोन गोष्टी. तो आल्यावर काय काय सांगून ठेवू? आणि मोठी रात्री उठून माझ्या खोलीत डोकावून जाते, मी श्वास घेतेय का बघते बहुतेक. ते कसं हाताळू?

रात्रपाळी:
तेच तेच विचारणं आणि टेडीचं ऑपरेशन दोन्ही उत्तम लक्षणं आहेत, तेच उत्तर त्याच शब्दांत देत राहा, कंटाळा आला तरी.

घरी आल्यावर बाबा तसाच दिसेल पण तसाच वागणार नाही, हे आधीच सांगा. थोडे दिवस जड उचलायचं नसतं, म्हणजे धाकट्याला कडेवर घेणं बंद. ते "बाबाला आता मी नको" असं होऊ नये म्हणून बसून जवळ घ्यायची एक जागा ठरवून टाका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, स्टेंटनंतर त्या बहुतेकांना वर्षभर तरी असतात. त्याने जरासं लागलं तरी अंगावर निळं होतं, मनगटापाशीही असेल, ते बघून पोरं दचकतात. थकवा येईल. चिडचिड किंवा उदासी पण येऊ शकते, हार्ट अटॅकनंतर ती अगदी कॉमन आहे. बाबा ओरडला तर ते तुमच्यामुळे नाही, आणि तुम्ही ओरडलात, भांडलात म्हणून बाबाला परत काही होणार नाही, हे दोन्ही सांगा. "हळू बोला, बाबाला त्रास होईल" हे घरात येणारा प्रत्येक पाहुणा मुलांना ऐकवणार, त्याचा अर्थ मुलं काय लावतात ते लक्षात येतंय ना? पाहुण्यांना आधीच गप्प करा. बाबांची उदासी रेंगाळली तर मात्र फॉलोअपला डॉक्टरांच्या कानावर घाला.

मोठीचं: डोकावते तर रागावू नका आणि झोपल्याचं सोंगही घेऊ नका. डोळे उघडून "मी ठीक आहे, तू झोप" म्हणा. रात्री बाबावर लक्ष ठेवायचं काम माझं, तुझं नाही, हे दिवसा तिला स्पष्ट सांगा, आणि गोळ्यांच्या वेळा वगैरे तिच्याकडे सोपवू नका, समंजस पोरींवर ते आपोआप येऊन पडतं. छोटंसं काम हवंच असेल तर संध्याकाळी बाबाबरोबर चालायला जाणं द्या. क्लास टीचरला कल्पना द्या, पण मोठीला विचारून, तिला वर्गात त्याचा गाजावाजा नको असेल. पोटदुखी, शाळेत जायला नको, झोप न येणं, धाकट्याने परत गादी ओली करणं, हे काही दिवस चालतं. बरेच आठवडे तसंच राहिलं किंवा वाढत गेलं तर मुलांच्या काउन्सेलरला दाखवा.

दोन_पोरांचा_बाप:
एक राहिलं. मिस्टर ४३चे म्हणजे अटॅक लवकरच्या वयात आलाय. वडिलांना ५५च्या आत झाला तर तो मुलांच्या दृष्टीनेही कौटुंबिक इतिहासात धरतात, तेव्हा मुलांचं कोलेस्ट्रॉल तपासायचं का ते फॉलोअपला विचारून घ्या. मुलांना आत्ताच सांगू नका हे, फक्त तुमच्या यादीत टाका.

सांजवात:
टाकलं यादीत. मोठीने पण एक कागद केलाय डॉक्टरांना विचारायचा, वर स्टेंट गंजतो का हेच आहे. फॉलोअपला तिला नेऊ का बरोबर?

रात्रपाळी:
न्या की. आधी फोन करून विचारा चालेल का, आणि प्रश्न तिलाच विचारू द्या, मधे बोलू नका. गंजत नाही म्हणून मी सांगू शकते, पण तिला ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय.