दाट झाडीत फिक्स (उपग्रहांवरून काढलेली स्वतःची जागा) मिळत नाही. चार जीपीएस रिसीव्हर एकमेकांना मदत करू शकतात का?

पायवाट:
शोधपथकाच्या सरावासाठी चार जीपीएस मॉड्यूल लोरा रेडिओने (लांब पल्ल्याचा, पण थोडाच डेटा नेणारा) जोडलेत. एक मोकळ्या माळावर आहे, तिथे सिग्नल 44-45 डीबी-हर्ट्झ (आकडा मोठा तितका सिग्नल स्पष्ट). झाडीतल्या तिघांना जेमतेम 22 ते 25. उपग्रह सहा-सात दिसतात, पण अर्धा तास थांबलं तरी फिक्स नाही. चांगले अँटेना घेऊ का?

कक्षा:
इतक्यात नका घेऊ. उपग्रह दिसतोय म्हणजे त्याचा ओळखीचा कोड सापडलाय, अडतंय ते त्याचा संदेश वाचताना. तो येतो सेकंदाला 50 बिटं या चालीने. कक्षेची माहिती 30 सेकंदांत एकदाच येते. मध्येच फांदी हलून चार बिटं बिघडली की पुढच्या फेरीची वाट बघायची. माळावरच्याने तीच माहिती केव्हाच वाचलेली असते, ती वाटून द्या. एका उपग्रहाची 900 बिटं, म्हणजे आठांची मिळून साधारण 900 बाइट. लोराला हे काहीच नाही, आणि दोन तासांतून एकदा पाठवलं तरी भागतं. मॉड्यूल बाहेरून डेटा घेतो का, ते मात्र डेटाशीटमध्ये आधी बघा.

पायवाट:
घेतो! दोन मिनिटांत तिघांपैकी दोघांना फिक्स आला, फार आनंद झाला. पण जागा तीनशे-चारशे मीटर चुकतेय. वेळही माळावरूनच पाठवतो.

कक्षा:
मग गोम वेळेतच आहे. उपग्रहाचं अंतर सेकंदाला 800 मीटरपर्यंत बदलतं आणि लोराचं पॅकेट शेकडो मिलीसेकंद हवेतच असू शकतं. पॅकेट पूर्ण आल्याचा इशारा (इंटरप्ट) रेडिओ देतो त्या क्षणी घड्याळ लावा, हवेतला वेळ त्यात मिळवा. चूक 10 मिलीसेकंदांत आणलीत तर अंतरातली चूक फार तर 8 मीटर. वेळ किती अचूक आहे हेही मॉड्यूलला सांगावं लागतं. तिथे संभाव्य चुकीचा आकडा सढळ ठेवा. पाचवा उपग्रह मिळाला तर वेळेची चूक गणितातूनही काढता येते.

पायवाट:
जमलं, मनापासून आभार! ओढ्यातला तिसरा मात्र अजून दोनच उपग्रह धरतो.

अक्षांश:
त्याच्यासाठी अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ लावून बाकीच्यांपासूनची अंतरं मोजा आणि उपग्रहांच्या जोडीला वापरा. झाडीत पल्ला कमी भरतो, म्हणून निदान दोघांना त्याच्या जवळ आणा. फक्त सगळ्यांना एका रेषेत उभं करू नका, नाहीतर रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखंच उत्तर निघतं.