परसात पडणाऱ्या बर्फाला काय म्हणायचं?

लातूरकर: भाचा अमेरिकेतल्या बफेलो शहरात असतो. ईरी सरोवरावरून वारं सुटलं की तिथं रात्रीतून गुडघाभर बर्फ साचतो. त्यानं परसातल्या हायड्रेंजियाच्या फुलझुडपाचा फोटो पाठवलाय. वाळक्या गोंड्यांवर बर्फाच्या टोप्या, वरून पडणं चालूच. आमच्या अंकासाठी ओळ लिहिली, ‘परसातल्या झुडपावर हिमवर्षाव’. आई म्हणते, ‘गारा पडायल्यात म्हण की सरळ!’ काय करावं?

परभणीहून: गारा नकोच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आठवा, गहू आडवा, मोसंबीचा सडा. गार पत्रा वाजवते, हे भुरभुरतंय. ‘हीव’ घ्या. हिमाचंच हीव झालंय. हिवाळा, हिवताप त्यातलेच.

नांदेडची मास्तरीण: अहो, हीव भरतं ते अंगात! आभाळातून पडताना कुणी पाहिलंय? सरळ बर्फ म्हणा.

परभणीहून: बर्फ फारसी आहे, ताई. घरचा शब्द असताना उसनवारी कशाला?

नांदेडची मास्तरीण: फारसी आहे म्हणूनच चपखल बसतो. तिकडं बर्फ म्हणजे आभाळातून पडतो तोच, गोठलेल्या पाण्याला ‘यख’. रसवंतीतली लादी आपण त्यात घुसडली. आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात राहून तहसील, कास्तकार, रब्बी सगळं पचवलं, मग बर्फानंच काय घोडं मारलंय?

परभणीहून: पचवलं म्हणून आणखी खायचं का?

जालन्याचा फोटोवाला: मधेच बोलतो. बर्फ करडा आला असेल बघा. समोर सगळं पांढरं असलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, उजेड जास्त समजून फोटो काळवंडवतं. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक-दीड स्टॉप (पायरी) वाढवायला सांगा. आणि फ्लॅश बंद. जवळचे कणच उजळून पांढरे ठिपके होतात, झुडूप मागं राहतं. शटर १/३० सेकंदाला रेघा येतील, १/५०० ला कण सुटे दिसतील.

लातूरकर: करडाच आलाय! कळवतो त्याला. पण ओळीचं काय?

अंबाजोगाईकर: आधी ते ‘परस’ काढा. पुस्तकी वाटतं. आमच्यात वाडगं म्हणतात.

परभणीहून: वाडगं कडब्याला, गुरांना. त्यात हायड्रेंजिया कोण लावतंय?

अंबाजोगाईकर: आमच्या वाडग्यात जास्वंद आहे, कडबाही आहे. शेळी दोन्ही खाते.

नांदेडची मास्तरीण: घरामागं असेल तर परसच. वाडग्याला कुंपण लागतं.

अंबाजोगाईकर: मग बफेलोत कुंपण आहे का ते विचारा आधी.