मदत हवी आहे: रक्ताच्या अहवालात ब्रोमिन आणि फ्लोरिनची रसायनं निघाली, बाळ अंगावर पितंय. आकडे कसे वाचू?

नमस्कार. एरवी मी नुसती वाचक असते, आज अडलंय म्हणून लिहितेय. थोडं लांबलंय, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

बाळ साडेचार महिन्यांचं आहे आणि पूर्णपणे अंगावरच पितं. गरोदरपणात एका संशोधन प्रकल्पासाठी रक्त दिलं होतं, त्याचा अहवाल परवा आला. सोबतच्या पत्रात एवढंच की हे वैद्यकीय निदान नव्हे. फोन केला तर म्हणाले, तुमच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की असा अहवाल त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

आकडे असे आहेत:

पीबीडीई (सगळी मिळून): ३८ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम लिपिड (रक्तातली चरबी)
पीफॉस: ४.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर
पीफोआ: १.६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर
पीएफएचएक्सएस: १.० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर

त्या ३८ वर नजर गेली आणि तिथेच अडकली, कारण ते कुठून आलं असेल हे मला घरबसल्या दिसतंय. पीबीडीई म्हणजे पटकन पेट घेऊ नये म्हणून फोममध्ये आणि प्लॅस्टिकमध्ये घालायची ब्रोमिनची रसायनं. बाकीची तीन फ्लोरिनची. आमचा सोफा कुणाकडून तरी घेतलेला, खूप जुना. एका गादीची शिवण उसवली आहे. आतला फोम पिवळा पडलाय, बोटाने दाबला की भुशासारखा चुरा हातात येतो. खालची फरशी पुसली की फडक्यावर तोच पिवळट थर. मी गरोदरपणाचे शेवटचे दोन महिने याच सोफ्यावर काढले.

आणि ती जागा मुळात आमच्या माऊची. तेरा वर्षांची आहे. दिवसभर तिथेच पडून असते, उठली की पंजे, पोट, शेपूट सगळं चाटून काढते. गेल्या वर्षी तिची थायरॉइड ग्रंथी जास्त काम करतेय असं निघालं. सारखी खायला मागायची, तरी पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका लागायचा. मांजरांमधल्या या आजाराचं पहिलं वर्णन १९७९ मधलं आहे. २००७ साली अमेरिकेत पाळीव मांजरांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातलं पीबीडीईचं प्रमाण तिथल्या माणसांच्या २० ते १०० पट निघालं. घरातली धूळ अंगावर बसते आणि चाटताना पोटात जाते, हा त्यामागचा तर्क. आजाराचं कारण हेच, असं सिद्ध झालेलं नाही, हे मला माहीत आहे. पण मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. थायरॉक्सिन (थायरॉइडचं संप्रेरक) आणि बीडीई-४७ (पीबीडीईंपैकी एक) यांच्या रचना मी काल कागदावर शेजारी शेजारी काढल्या. दोन्हीकडे मधल्या ऑक्सिजनने जोडलेली दोन कडी, थायरॉक्सिनवर आयोडिनचे चार अणू, बीडीई-४७ वर ब्रोमिनचे चार. बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले होते.

त्यात भर म्हणून रात्री बाळाला पाजताना ओर्का देवमाशांबद्दल वाचलं. नराच्या चरबीत पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांत वापरलेली क्लोरिनची रसायनं) आयुष्यभर साठत जातं. मादीचं मात्र पिल्लं झाली की कमी होतं, कारण दुधावाटे ते पिल्लाकडे जातं आणि सर्वांत मोठा वाटा पहिल्या पिल्लाला मिळतो. जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नावाची मादी मेलेली सापडली. तिच्या चरबीत किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी होतं. किमान वीस वर्षांची होती आणि तिला कधी पिल्लू झाल्याची खूण नव्हती, म्हणजे साठलेलं बाहेर पडायला वाटच नव्हती. माझं हे पहिलंच बाळ. पुढचं तुम्ही समजू शकाल.

माझे प्रश्न:

ब्रोमिनचा ३८ आणि पीफॉसचा ४.१, म्हणजे ब्रोमिनवालं नऊपट जास्त, असंच ना?
पाजणं चालू ठेवू की बंद करू? यावर उत्तर देताना कृपया कारणही सांगा, नुसता धीर नको.
बाळंतपणात वाढलेलं वजन उतरवायला घेतलं होतं. चरबी वितळली की त्यातलं रसायन रक्तात उतरतं हे खरं का?

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तुमच्या भीतीचा निम्मा भाग तिथेच आहे. हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. पीबीडीई, पीसीबी, डीडीटी ही चरबीत विरघळणारी मंडळी, म्हणून ती रक्तातल्या दर ग्रॅम चरबीमागे मोजतात. पीफॉस, पीफोआ ही फ्लोरिनवाली चरबीत बसत नाहीत, अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून ती सीरमच्या (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पातळ भागाच्या) दर मिलिलिटरमागे सांगतात. एक मिलिलिटर सीरममध्ये चरबी साधारण ६ मिलिग्रॅम. म्हणजे तुमचे ३८ नॅनोग्रॅम मिलिलिटरवर आणले की ०.२३ होतात. ०.२३ विरुद्ध ४.१! गुणोत्तर उलटं झालं. मी विश्लेषण प्रयोगशाळेत काम करतो आणि ही गल्लत शिकलेली माणसंही करतात.

फ्लोरिनवाल्या तिघांची बेरीज ६.७. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात सात पीफास रसायनांची (पीफास म्हणजे या फ्लोरिनवाल्यांचं कुटुंब) बेरीज धरतात. २ च्या खाली असेल तर दुष्परिणाम अपेक्षित नाहीत. २ ते २० मध्ये संपर्काचा स्रोत शोधून कमी करा, कोलेस्टेरॉलवर लक्ष ठेवा, गरोदरपणात रक्तदाब तपासत राहा. २० च्या वर जास्त तपासण्या. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. हा परिच्छेद डॉक्टरांना दाखवा, त्यांना धागा सापडेल.

वजनाबद्दल तुमची शंका खरी आहे. चरबी झपाट्याने उतरली की तिच्यात साठलेल्या रसायनांचं रक्तातलं प्रमाण वाढतं; वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे मोजलेलं आहे. पाजतेय तोवर उपासमारीचे प्रकार नकोत. हळूहळू उतरू द्या.

प्रतिसाद २

मी बालरोगतज्ज्ञ आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पाजणं चालू ठेवा. कारण मागितलंस म्हणून सविस्तर सांगते.

दुधातून ही रसायनं जातात, हे लपवण्यासारखं नाही. १९६६ मध्ये स्वीडनच्या सोरेन जेन्सन यांना डीडीटी शोधताना प्राण्यांमध्ये पीसीबी सापडलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या, बायकोच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही ते पाहिलं. मुलीला ते दुधातूनच मिळालं असणार, हा त्यांचा अंदाज. पीफॉस दुधात रक्ताच्या एखादा टक्काच उतरतं, पण बाळ रोज पितं आणि पीफॉसचं अर्धायुष्य (शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा काळ) सुमारे पाच वर्षं, त्यामुळे साठत जातं. फॅरो बेटांवरच्या मुलांमध्ये पीफासचं प्रमाण जास्त असेल तिथे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशींनी तयार होणारी प्रतिपिंडं कमी दिसली, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणून बाळाची एकही लस चुकवू नकोस, तारीखही पुढे ढकलू नकोस.

मग तरी पाज का म्हणते? अंगावरच्या दुधाने जंतुसंसर्गापासून मिळणारं संरक्षण पक्कं सिद्ध आहे आणि मोठं आहे. तुझ्यासारख्या आकड्यांना पाजणं थांबवून फायदा झाल्याचा तसा पुरावा नाही. शिवाय पावडरचं दूध ज्या पाण्यात कालवतात, त्यात पीफास असेल तर प्रश्न जागीच राहतो. ओर्काशी तुलना मनातून काढून टाक. ती अन्नसाखळीच्या टोकाला आहे, तिच्या दुधातली चरबी आपल्या ४ टक्क्यांच्या कितीतरी पट असते आणि तिच्या शरीरातला साठा मिलिग्रॅममध्ये मोजतात. लुलूचे ९५७ मिलिग्रॅम प्रति किलो, तुझे ३८ नॅनोग्रॅम प्रति ग्रॅम. एका मापात आणलंस तर तुझे ०.०३८ मिलिग्रॅम प्रति किलो.

आणखी एक. स्वीडनमध्ये १९७२ पासूनचे आईच्या दुधाचे नमुने जपून ठेवलेले आहेत. त्यात पीबीडीई १९९७ पर्यंत चढत गेलं आणि नंतर उतरू लागलं. वापर थांबवला की दुधात फरक पडतो. टिकाऊ घातक रसायनांवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात यातली काही मिश्रणं २००९ मध्ये आली. तुझा सोफा त्याआधीचा असावा. तो घालव.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ०.२३ चा हिशोब मी तीनदा करून पाहिला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा नीट झोपले. लशींचं वेळापत्रक फ्रिजवर लावलंय.

सोफा काल बाहेर काढला. दोघांनी उचलला तेव्हा खालून ओंजळभर पिवळा चुरा निघाला. कोरडा झाडला नाही, ओल्या फडक्याने टिपून घेतला आणि पिशवीत बांधला. बाळ तेव्हा दुसऱ्या खोलीत होतं. माऊ आता त्या रिकाम्या जागेवर अंथरलेल्या चादरीवर बसते, चादर दर चार दिवसांनी धुतेय, तिचं अंगही ओल्या कापडाने पुसतेय.

दादा, दोन गोष्टी राहिल्या. पिण्याच्या पाण्यातलं पीफास घरच्या घरी कमी करायचं तर सक्रिय कार्बन पुरेल, की रिव्हर्स ऑस्मोसिस लागेलच? आणि रक्त पुन्हा कधी तपासू? पीफॉसला पाच वर्षं लागतात तर सहा महिन्यांनी तपासून काहीच कळणार नाही असं वाटतंय, पण पाजण्यामुळे माझं आणखी लवकर उतरेल का?