मदत हवी आहे: शाळेतला हिस्पॅनिक वारसा महिना, टोपी-मिशांपलीकडे काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो, लेक तिसरीत आहे. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्यांचा) वारसा महिना असतो. त्यासाठीच्या पालक समितीत मी हौसेने नाव दिलं. काल बेत हातात पडला: मेक्सिकन सोंब्रेरो टोप्या, चिकटवायच्या मिशा, टाको, पिन्याता (काठीने फोडायचं खाऊ भरलेलं कागदी खेळणं). झालं!

लेकीच्या वर्गात स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुलं बरीच आहेत, पण त्यातली बहुतेक एल साल्वादोर आणि होंडुरासची. मुळात महिना १५ तारखेला सुरू होतो तोच त्यांच्यामुळे. १८२१ साली त्याच दिवशी मध्य अमेरिकेतल्या पाच देशांनी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. मेक्सिकोचा दिवस १६ ला. आणि आमच्या बेतात या पाचांपैकी एकाचाही पत्ता नाही. 'इंडियन म्हणजे बटर चिकन आणि भांगडा' असं कुणी म्हटलं की आपलं डोकं फिरतं, मग इथे गप्प कसं बसू?

मेक्सिकन वंशाच्या सिल्व्हिया मेंडेझची गोष्ट सांगायचं डोक्यात आहे. कॅलिफोर्नियात गोऱ्यांच्या शाळेने तिच्या उजळ रंगाच्या, वेगळ्या आडनावाच्या आतेभावंडांना घेतलं, तिला आणि तिच्या भावांना नाही. आईवडील कोर्टात गेले आणि १९४७ मध्ये अपिलातही जिंकले. तिसरीच्या पोरांना हे झेपेल का? दुसरं, आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ होते, तिथला नामवंत चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलंय. त्यांना आणावं का? आणि मिशांना नाही कसं म्हणू? समितीत मी नवखी आहे.

आगाऊ धन्यवाद.

रानवारा: मेंडेझची गोष्ट नक्की सांगा, मुलांना अन्याय बरोबर कळतो. खानखोजे घरी सांगा. महिना त्यांचा आहे, तिथे आपलं घोडं दामटू नये. मिशांवर वाद घालत बसू नका, त्याऐवजी दुसरं काम पुढे करा. कोस्टा रिकात १४ सप्टेंबरच्या संध्याकाळी मुलं घरी केलेले 'फारोल' घेऊन मिरवणुकीत निघतात. म्हणजे आपला आकाशकंदीलच, फक्त हातात धरायचा. तुम्हाला शिकवायला सोपं जाईल. शिवाय साल्वादोरच्या एखाद्या आईला पुपुसा करून दाखवायला बोलवा: मक्याच्या पिठाची जाड पोळी, आत चीज किंवा घेवड्याचं सारण, वर कुर्तीदो, म्हणजे कोबीची आंबट कोशिंबीर. पण आधी विचारा, गृहीत धरू नका. सगळ्यांनाच हौस नसते, सुट्टीही मिळत नाही.

धागाकर्ती: रानवारा, कंदील एकदम पटले! आजच समितीला लिहिते. शाळेत मेणबत्ती चालणार नाही, सेलवाले दिवे आणीन. सांगाड्याला बांबूच्या काड्या घेऊ की तिसरीच्या हातांना पुठ्ठाच बरा? कुणी शाळेत करून घेतले असतील तर वेळ किती लागतो तेही सांगा, आम्हाला एकच तास मिळणार आहे.