चर्चा: नव्या पीसीसोबत गळ्यात मारलेला अँटिव्हायरस घ्यावा का?

गोदाकाठ:
नाशकात एमजी रोड असो की कॉलेज रोड, असेंबल पीसी घेतला की बिलात अँटिव्हायरस हमखास घुसवतात. माझ्या मते घरच्या वापराला ते पैसे वाया. विंडोज ११ मध्ये डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, आणि फायरवॉल आधीपासून चालू असतात. आपण न मागितलेलं कनेक्शन बाहेरून आलं तर फायरवॉल ते मुळातच अडवतो. दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, म्हणजे संरक्षण काही दुप्पट होत नाही. उलट रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा मालवेअर (घातक प्रोग्राम), त्याविरुद्धचा कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस वापरता येत नाही. अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरमध्ये बदल करू न देणारी ही सोय डिफेंडरवरच चालते.

सातपूरकर:
साहेब, हे ओरिजनल विंडोजचं झालं. दुकानातून येतं ते बऱ्याचदा क्रॅक, म्हणजे विनालायसन्स. ते चालू करणारा अॅक्टिव्हेटर प्रोग्राम आधी डिफेंडर बंद करायला लावतो आणि जाताना एक्सक्लूजन, म्हणजे 'इथे तपासू नको' अशी नोंद, टाकून जातो. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स. तिथे अख्खा सी ड्राइव्ह दिसला तर वरची हिरवी टिक शोभेची. स्कॅन होतो, पण त्या ड्राइव्हकडे बघतही नाही. विकतचा अँटिव्हायरस निदान त्या यादीला जुमानत नाही.

गोदाकाठ:
मग यादी काढून टाका, नाहीतर फॉरमॅट मारून लायसन्सवालं विंडोज टाका. क्रॅकवर अँटिव्हायरस म्हणजे चोराला आत ठेवून कुलूप बदलणं. आणि कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस मुळात बंदच असतो, तो रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये जाऊन चालू करावा लागतो. मग एखादं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर डॉक्युमेंट्समध्ये फाइल सेव्ह करेना झालं तर तेवढंच अलाऊच्या यादीत टाका. लोक वैतागून सगळंच बंद करतात, तिथे घोळ होतो.

इंदिरानगर_नेट:
दोघेही अर्धंच बोलताय. विंडोजचा फायरवॉल बाहेर जाणारं जवळपास काहीच अडवत नाही. रनमध्ये डब्ल्यूएफ डॉट एमएससी टाका, प्रॉपर्टीजमध्ये आउटबाउंड ब्लॉक करा आणि हवे तेवढेच प्रोग्राम सोडा. आत शिरलेला मालवेअर त्याच्या मालकाशी, म्हणजे हल्लेखोराशी, बोलूच शकणार नाही.

सातपूरकर:
कागदावर छान आहे हो. ब्लॉक केल्या केल्या अपडेट अडकतं, प्रिंटर सापडत नाही, आणि विंडोजचा फायरवॉल 'परवानगी देऊ का' असं विचारतही नाही, नुसतं बंद. संध्याकाळपर्यंत घरातलं कोणीतरी सगळं उघडून मोकळं होतं. शिवाय मालवेअर बरेचदा ४४३ पोर्टवरूनच जातो, म्हणजे वेबसाइट उघडताना ब्राउझर वापरतो त्याच वाटेने. पॉवरशेलला, म्हणजे विंडोजच्या कमांड चालवायच्या साधनाला, तुम्ही परवानगी दिलीत की तो तिच्याच आडून गेला. वॉनाक्राय हा रॅन्समवेअरही आठवा. विंडोजमधलं भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७ मध्ये आला, हल्ला १२ मे रोजी. फाइल शेअरिंगचं पोर्ट ४४५ उघडं आणि अपडेट नाही, असे पीसी त्यात गेले. म्हणून आधी विंडोज फीचर्समध्ये एसएमबी १, म्हणजे फाइल शेअरिंगची जुनी पद्धत, तिच्यावर टिक असेल तर काढा. नेटवर्क प्रोफाइल पब्लिक ठेवा. फाइल शेअरिंग लागत असेल तरच प्रायव्हेट.

इंदिरानगर_नेट:
ठीक, घरच्यांसाठी आउटबाउंड सोडून देतो. पण राउटरचं काय? केबलवाल्याने लावलेल्या राउटरचा पासवर्ड बदललाय का कोणी? बहुतेकदा १९२.१६८.१.१ वर अॅडमिन, अॅडमिन. तो बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडायची सोय) आणि यूपीएनपी बंद करा. यूपीएनपी चालू असलं की आतला कुठलाही प्रोग्राम राउटरचं पोर्ट स्वतःच उघडून घेतो, विचारत नाही.

गोदाकाठ:
यूपीएनपी बंद केल्यावर काही ऑनलाइन गेम रडतील, एवढं मुलांना आधीच सांगून ठेवा.

पंचवटीकर:
आमच्याकडे विंडोज १० आहे. डिफेंडर रोज अपडेट होतोय, मग धोका कसला?

सातपूरकर:
ताई, त्या डेफिनिशन्स, म्हणजे ओळखीच्या मालवेअरची यादी. विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयू, म्हणजे त्यानंतरही सुरक्षा अपडेट मिळायची योजना, घेतलंय का ते सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली बघा. नसेल तर बँकेचं काम त्यावर नको. रोजच्या वापराला स्टँडर्ड, म्हणजे अॅडमिनचे अधिकार नसलेलं, अकाउंट करा, अॅडमिनचा पासवर्ड वेगळा. आणि फोटोंची कॉपी बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. ती काम झाल्यावर उपटून ठेवा, लागलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही लॉक करतो.

गोदाकाठ:
बघा, यात विकतचा अँटिव्हायरस कुठेच आला नाही.

सातपूरकर:
स्टँडर्ड अकाउंट करून देणारा माणूस घरात असेल तर नाही लागत. नसेल तर लागतो. आजोबा क्रोममध्ये लिंक उघडतात, आणि खोट्या साइट अडवणारं स्मार्टस्क्रीन एजमध्ये असतं.

गोदाकाठ:
क्रोममध्ये सेफ ब्राउझिंग आहे की! प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन एन्हान्स्ड करा. फुकट.