मदत हवी आहे : अ‍ॅपलचे यश नगांत मोजावे, पैशांत की आणखी कशात?

नमस्कार.

मी सांगलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावी वाणिज्यला अर्थशास्त्र शिकवते. ‘बाजाराचे प्रकार’ हे प्रकरण झाल्यावर मुलांचा वादविवाद घ्यायचे ठरले असून ‘बाजारहिस्सा हेच कंपनीच्या यशाचे खरे माप होय’ असा विषय दिला आहे. उदाहरण मुलांनीच निवडले, अ‍ॅपलचे. दोन्ही बाजूंची टिपणे मला करून द्यायची आहेत आणि तिथेच मी अडले आहे. आकडे हाती आहेत, पण त्यांचा आपसांत मेळ बसत नाही.

सर्वात मोठा घोळ 2023 या वर्षाचा आहे. आयडीसी या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार त्या वर्षी सुमारे 23 कोटी 46 लाख आयफोन बाजारात गेले आणि अ‍ॅपलचा जागतिक हिस्सा 20.1 टक्के झाला. सॅमसंगचे नग 22 कोटी 66 लाख आणि हिस्सा 19.4 टक्के होता. 2010 नंतर प्रथमच सॅमसंगचा पहिला क्रमांक गेला. ठरावाच्या बाजूने बोलणारी मुले हे वाचून खूश झाली. मग मी कंपनीचा वार्षिक अहवाल पाहिला, तर सप्टेंबर 2023 अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात तिची एकूण विक्री 394 अब्ज डॉलरवरून 383 अब्जांवर उतरलेली आणि आयफोनची विक्रीही 205 अब्जांवरून 200 अब्जांच्या घरात आलेली दिसली. दोन्ही वर्षांच्या कालखंडात तीन महिन्यांचे अंतर आहे, हे मान्य. तरीही एक आकडा वर जातो आणि दुसरा खाली, हे मुलांना कसे समजवावे? मला सुचलेले स्पष्टीकरण असे की, अ‍ॅपलचे नग थोडे वाढले, पण जगाचा स्मार्टफोन बाजारच तीन टक्क्यांहून अधिक आकसून 117 कोटींवर आला. अंश थोडा वाढला आणि छेद लहान झाला, म्हणून अपूर्णांक मोठा दिसला. हे बरोबर आहे का, की माझ्या नजरेतून काही सुटते आहे?

माझ्या धाकट्या दिरांचे मिरजेत मोबाइलचे दुकान आहे. मी त्यांना हाच प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी काउंटरवरची वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “वहिनी, नग मोजून दुकानाचं भाडं निघत नाही.” त्यावरून मी वर्गासाठी एक साधे गणित मांडले. समजा, दिवसभरात दहा हँडसेट विकले गेले; त्यांतले नऊ प्रत्येकी पंधरा हजारांचे आणि एक ऐंशी हजारांचा. नगांत त्या महाग फोनचा हिस्सा दहा टक्के, पण दोन लाख पंधरा हजारांच्या विक्रीत तो सदतीस टक्क्यांवर जातो. दिरांनी लगेच पुढची गोष्ट सांगितली, की फोनपेक्षा कव्हर आणि स्क्रीनगार्डवर त्यांना टक्क्याने जास्त सुटते. अहवालातही मला तेच चित्र मोठ्या प्रमाणावर दिसले : 2023 च्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलचा ढोबळ नफा वस्तूंवर सुमारे 36 टक्के होता आणि अ‍ॅप स्टोअर, आयक्लाउड यांसारख्या सेवांवर सुमारे 71 टक्के.

मी दुकानात असतानाच एक मुलगा चार वर्षे वापरलेला आयफोन घेऊन आला. दिरांनी तो उजेडात धरून कडेचे पोचे पाहिले, बॅटरीची टक्केवारी पाहिली आणि एक्स्चेंजमध्ये घेतला. दोन दिवसांनी कळले, की तो दुसऱ्या एका मुलाने घेतला. नव्या मालाच्या मोजणीत या व्यवहाराला जागाच नाही, पण अ‍ॅपलला एक ग्राहक मिळाला आणि उद्या तो आयक्लाउडचे पैसेही भरील. फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीने जगभर आपली 220 कोटींहून अधिक उपकरणे वापरात असल्याचे जाहीर केले होते. बाजारहिश्श्याच्या तक्त्यात हा आकडा कोणत्या रकान्यात बसवायचा, हे मला उमगलेले नाही.

शिवाय नगांचा आकडा आता कंपनी स्वतः देतच नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये तिने तो देणे थांबवत असल्याचे सांगितले आणि तिचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी बाजारातल्या ढकलगाडीचा दाखला दिला : गाडीत किती वस्तू आहेत यापेक्षा त्यांची एकूण किंमत महत्त्वाची. दाखला मला पटतो. तरीही ज्या काळात वाढ मंदावत होती, नेमक्या त्याच काळात मोजपट्टी बदलली, हेही मुलांपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

ठरावाच्या बाजूची टिपणे दुबळी राहू नयेत, म्हणून मी 1997 कडे वळले. तेव्हा अ‍ॅपल दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. संगणकांतला तिचा हिस्सा घटल्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना तिच्या मॅक या संगणकासाठी कष्ट घेणे परवडेनासे झाले होते, आणि मायक्रोसॉफ्टने 15 कोटी डॉलर गुंतवून पुढची पाच वर्षे मॅकसाठी ‘ऑफिस’ हे आपले सॉफ्टवेअर देण्याची हमी दिली, तेव्हा तिला श्वास घेता आला. म्हणजे हिस्सा फार घटला, तर चांगली वस्तूही एकाकी पडते. उलट बाजूला नोकिया आहे. आयफोन आला त्या 2007 मध्ये मोबाइलच्या जागतिक बाजारात तिचा हिस्सा 40 टक्क्यांच्या आसपास होता, आणि 2014 मध्ये तिचा हँडसेटचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला. माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूकडे झुकते, पण 1997 चे उदाहरण मला खोडता येत नाही.

आता ज्याने मला खरोखर गोंधळात टाकले, ते सांगते. मार्च 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अ‍ॅपलविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. त्यात अमेरिकेतल्या उच्च क्षमतेच्या स्मार्टफोनमध्ये, उत्पन्नानुसार, तिचा हिस्सा 70 टक्क्यांहून अधिक असल्याचे म्हटले आहे. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगापुढे मात्र भारतातला आपला हिस्सा शून्य ते पाच टक्के, म्हणजे नगण्य आहे, असा बचाव याच कंपनीने केला. देश वेगळा, मोजण्याची रीत वेगळी आणि ‘बाजार’ या शब्दाची व्याप्तीही वेगळी. मग वादविवादात बाजाराची व्याख्या आधी दोन्ही संघांना एकच बांधून द्यावी, की व्याख्येवरच त्यांना वाद घालू द्यावा? मला दुसरा मार्ग अधिक शिकवणारा वाटतो, परंतु प्रत्येकाला बोलायला चारच मिनिटे असल्यामुळे मुले त्यातच अडकून पडतील, अशी भीती वाटते.

वितरणात काम करणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे. संशोधन संस्थांचे हे आकडे कंपनीने पुढे पाठवलेल्या मालाचे असतात, ग्राहकाच्या हाती पडलेल्या मालाचे नव्हेत, असे मी समजते. डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात पडून राहिलेल्या मालामुळे एखाद्या तिमाहीचा हिस्सा प्रत्यक्षात कितपत फुगतो? आणि या दोन संज्ञांना तुमच्या कामात रुळलेले मराठी शब्द असतील तर तेही कळवावेत. मी सध्या ‘रवाना माल’ आणि ‘खपलेला माल’ असे लिहिले आहे. टिपणे मुलांना येत्या सोमवारी द्यायची आहेत.